फळ्यावरचा तारा



स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. सहल, स्नेहसंमेलन, चौंडेश्वरीच्या जत्रेतले किस्से हे सगळे इतरांच्या लेखांत येणारच, आणि ते माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी आयुष्यातली ३३ वर्षे जिल्ह्याबाहेर गणित शिकवण्यात घालवली. तेव्हा मी एका चिन्हाचा इतिहास लिहितो. ते चिन्ह आपल्या शाळेच्या फळ्यावर एकदा उमटले आणि सगळा वर्ग गप्प झाला होता, हे बहुतेकांना आठवत असेल.

आधी आपल्या तुकडीविषयी. आपण तसे ऐतिहासिकच. आपले वडील शिकले ते मध्य प्रांतात, आपला जन्म द्विभाषिक मुंबई राज्याच्या अखेरच्या दिवसांतला, आणि आपण शाळेत पाऊल टाकले ते महाराष्ट्रात. गाव तेच, शाळेची कौले तीच, पण वरचे सरकार तीनदा बदलले. १ जानेवारी १९६६ ला राज्याचे एकच शिक्षण मंडळ आले आणि आपण त्याच्या नागपूर विभागात गेलो. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. त्याच सुमारास कोठारी आयोगाने १०+२+३ ची शिफारस केली होती. महाराष्ट्राने ती पुढे उचलली. नवा अभ्यासक्रम आपल्याबरोबर आठवी, नववी, दहावी असा एकेक इयत्ता वर चढत आला, आणि मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली ती आपली. थोरल्या भावंडांची अकरावी मॅट्रिकची पुस्तके त्यामुळे आपल्या कामाची राहिली नाहीत. ज्या घरात एकच पुस्तक तिघांना पुरवायची रीत होती, तिथे हा काही लहान फटका नव्हता.

गणिताचे पुस्तक तर ओळखूच येईना. काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरळव्याज राहिले बाजूला, आणि पहिल्याच पानापासून संच. रिक्त संच, उपसंच, संयोग, छेद, वेन आकृत्या. गावात ज्यांना आपण हुशार समजायचो त्या मोठ्या माणसांनी पुस्तक उलटून पाहिले आणि 'यात गणित कुठं आहे?' असे विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता.

तारा मात्र पुस्तकातून आला नाही, तो सरांनी आणला. उन्हाळ्याच्या सुटीत ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. फळ्यावर त्यांनी लिहिले :

अ * ब = २अ + ३ब असेल, तर ४ * ५ = किती?

वर्गात सन्नाटा. शेवटी माझ्या शेजारी बसणारा मित्र उभा राहिला. (नाव लिहीत नाही. मेळाव्यात तो स्वतःच सांगेल.) तो म्हणाला, "सर, हे चिन्ह त आपन शिकलोच नाही!"

सर म्हणाले, "मी तरी कुठं शिकलो बाबू? आत्ताच तर लिहिलं."

आज मला वाटते की या प्रकारच्या गणिताविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते या एका उत्तरात होते. अधिक, उणे, गुणिले, भागिले ही चार चिन्हे आपण पहिलीपासून पाहतो, म्हणून ती जन्मापासूनची वाटतात. पाचवे चिन्ह दिसले की मुलाला वाटते, हे कुठल्या तरी पुस्तकात असणार, इतरांना माहीत असणार, मलाच माहीत नाही. खरे पाहता त्या चिन्हाचा अर्थ त्याच ओळीत दिलेला असतो, आणि त्या ओळीबाहेर त्याला काही अर्थ नसतो. तो एक करार आहे. डावीकडे जो असेल त्याची दुप्पट करा, उजवीकडे जो असेल त्याची तिप्पट करा, दोन्ही मिळवा. ४ ची दुप्पट ८, ५ ची तिप्पट १५, उत्तर २३. संपले.

सर तिथे थांबले नाहीत. त्यांनी ५ * ४ विचारले. निम्म्या वर्गाने न करताच २३ सांगितले. करून पाहिले तर १० आणि १२, म्हणजे २२. मग त्यांनी विचारले, बांधीत आधी चिखलणी करून मग रोवणी केली काय, आणि आधी रोवणी करून मग चिखलणी केली काय, सारखेच का? धानाच्या मुलखातल्या पोरांना यापुढे क्रम म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले नाही. बेरजेत आणि गुणाकारात क्रम बदलला तरी बिघडत नाही, याला पुस्तकात 'क्रमनिरपेक्षता' असा जड शब्द होता. तो पाठ करून आपण कंटाळलो होतो, कारण ती नसती तर काय झाले असते हे कोणी दाखवले नव्हते. ते ताऱ्याने दाखवले.

कंसाचेही तसेच. (१ * २) * ३ करा : १ * २ म्हणजे ८, आणि ८ * ३ म्हणजे २५. आता १ * (२ * ३) करा : २ * ३ म्हणजे १३, आणि १ * १३ म्हणजे ४१. आकडे तेच, तारे तेच, कंस सरकला आणि २५ चे ४१ झाले. 'कंचेभागुबेव' घोकताना कंस पहिला का, हे तेव्हा मला प्रथमच पटले.

आता इतिहास. चिन्हाला आपण अर्थ द्यायचा आणि मग तो पाळायचा, ही गोष्ट फळ्यावर आली तेव्हा नवी वाटली. पण आपल्या आजोबांच्या शाळेत काय होते? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. 'सात औट' म्हटले की पंतोजींसमोरचा पोर 'साडेचोवीस' म्हणायचा. औट हा आकडा नव्हे, तो हुकूम आहे : समोर येईल त्याची साडेतीनपट कर. हिशोबाची बेरीजसुद्धा आपल्या लहानपणापर्यंत निराळी होती. ९ आणे आणि ११ आणे मिळून २० आणे होत नसत, एक रुपया चार आणे होत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तरी बाजारात आणे बरीच वर्षे तोंडात राहिले, आणि आपल्या आया दोन्ही बेरजा एकाच वेळी करत. घड्याळात आजही ९ नंतर ५ तास म्हणजे २ वाजतात, यात कुणाला चूक दिसत नाही.

पण हे सगळे व्यवहाराचे झाले. गणितासाठीच म्हणून एक नवी क्रिया कोणी मुद्दाम रचली, तिला नाव दिले आणि तिच्याकडून काम करून घेतले, याचे फार जुने आणि ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे. इ.स. ६२८ मध्ये तीस वर्षांच्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. शून्य आणि ऋण संख्यांचे नियम त्यात आहेत हे आपण ऐकलेले असते. त्याच ग्रंथात एक कोडे आहे : एखाद्या संख्येच्या वर्गाला, समजा, २ ने गुणले आणि त्यात १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग आला पाहिजे. अशा संख्या कोणत्या? एक जोडी चटकन सापडते. २ चा वर्ग ४, दुप्पट ८, अधिक १ म्हणजे ९, आणि ९ हा ३ चा वर्ग. म्हणजे जोडी झाली (२, ३). पुढची कुठे शोधायची? आंधळेपणाने आकडे तपासत बसायचे का?

ब्रह्मगुप्ताने दोन जोड्यांमधून तिसरी जोडी तयार करण्याची क्रिया दिली. पुढच्या आचार्यांच्या परंपरेत तिला 'भावना' म्हणतात. एका जोडीतला धाकटा दुसऱ्या जोडीतल्या थोरल्याशी तिरपा गुणायचा, तसेच उलट, आणि दोन्ही मिळवायचे. हा झाला नवा धाकटा. या तिरप्या गुणाकाराला 'वज्राभ्यास' असे सुंदर नाव आहे. दोन्ही धाकट्यांचा गुणाकार करून त्याला २ ने गुणायचे आणि त्यात दोन्ही थोरल्यांचा गुणाकार मिळवायचा. हा नवा थोरला. (२, ३) ची (२, ३) शीच भावना केली तर धाकटा ६ + ६ = १२ आणि थोरला ८ + ९ = १७. पडताळा पाहा : १२ चा वर्ग १४४, दुप्पट २८८, अधिक १ म्हणजे २८९, आणि तो १७ चा वर्ग. आता (२, ३) आणि (१२, १७) यांची भावना करा, (७०, ९९) येते. ७० चा वर्ग ४९००, दुप्पट ९८००, अधिक १ म्हणजे ९८०१, हा ९९ चा वर्ग. असे कितीही पुढे जा.

ही बेरीज नाही, गुणाकारही नाही. बेरीज-गुणाकार वापरून रचलेली तिसरीच क्रिया आहे, आणि ती एकेका संख्येवर चालत नाही, जोड्यांवर चालते. सरांचा तारा हा तिचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच की भावनेला काम होते.

पाचशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यातल्या 'बीजगणित' भागात ही भावना आहे, धाकट्या-थोरल्याला कनिष्ठ आणि ज्येष्ठ म्हटले आहे, आणि 'चक्रवाल' रीतीने तिला जोडून २ च्या जागी ६१ घेतलेले अवघड कोडे सोडवले आहे. त्याचे सर्वांत लहान उत्तर आहे कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. तेच ६१ चे कोडे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातले. भास्कराचार्यांचे उत्तर तेव्हा पाचशे वर्षांचे जुने होते. त्यांना अक्षरांचे वावडे नव्हते हेही सांगतो. अज्ञात संख्यांसाठी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक यांची पहिली अक्षरे या, का, नी, पी अशी लिहीत. आपण 'क्ष' लिहून घाबरत होतो, ते रंगांच्या नावांनी बीजगणित करत होते.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि त्या मठासाठी दाने मिळाल्याची ही नोंद शके ११२८ च्या सुमाराची आहे. लेख संस्कृत आहे, पण शेवटी दानांचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. श्लोक पंडितांसाठी, आणि कोणी काय द्यायचे ते मात्र सगळ्यांना कळेल असे. शिक्षणसंस्थांचा कारभार जवळून पाहिलेल्या माणसाला हे वाचून हसू येते.

नंतरचा युरोप मी भरभर ओलांडतो. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये हॅमिल्टन कालव्याकाठी फिरत असताना त्याला अशा संख्या सुचल्या की ज्यांचा गुणाकार क्रम उलटला की चिन्ह बदलतो, आणि त्याने ते सूत्र तिथल्याच पुलाच्या दगडावर कोरले. गुणाकारातही क्रम मोडता येतो, आणि आकाश कोसळत नाही, हे त्या दिवशी ठरले. १८५४ मध्ये बूलने विचारांचेच बीजगणित लिहिले, ज्यात क्ष गुणिले क्ष म्हणजे क्षच. आपल्या संचांच्या धड्यातला 'संचाचा स्वतःशी छेद म्हणजे तोच संच' हा नियम तिथलाच. त्याच्या मागे पुढे मागे शॅननने १९३७ मध्ये विजेची बटणे जोडली, आणि त्यावर आज तुमच्या खिशातला मोबाइल चालतो. गणित हे एखाद्या ठरावीक क्रियेचे शास्त्र नाही, ठरवलेल्या नियमांचे शास्त्र आहे, असा विचार या शे-सव्वाशे वर्षांत पक्का झाला.

तो मोहाडीला कसा पोचला? रशियामुळे. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला वाटले आपली मुले विज्ञानात मागे पडली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात बेगल यांच्या नेतृत्वाखाली शालेय गणिताचा नवा अभ्यासगट निघाला. त्यांनी शाळेच्या पुस्तकात संच आणले, क्रियांचे गुणधर्म आणले. याला तिकडे 'नवे गणित' म्हणू लागले. आपल्याकडे १ सप्टेंबर १९६१ ला एनसीईआरटी स्थापन झाली, आणि १९६३ पासून अमेरिकेच्या मदतीने शिक्षकांची उन्हाळी शिबिरे भरू लागली. तिथून ते विद्यापीठांत, मंडळांत, पाठ्यपुस्तकांत, आणि अखेर आपल्या तीन ओळींच्या बाकांपर्यंत आले. स्पुटनिकपासून आपल्या दहावीपर्यंत साडेसतरा वर्षे. इतक्या दुरून आलेली गोष्ट वाटेत काहीतरी सांडणारच.

काय सांडले? माझे मत सांगतो, ते सगळ्यांना पटेल असे नाही. नव्या गणितात चूक नव्हती. पण ते आपल्यापर्यंत व्याख्यांच्या रूपात आले आणि प्रयोजन वाटेतच राहिले. क्रमनिरपेक्षतेची व्याख्या लिहा, दोन गुण. साहचर्याची व्याख्या लिहा, दोन गुण. अमेरिकेतसुद्धा १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन यांनी यावर पुस्तक लिहून टीकेची झोड उठवली. ज्या दोन वर्षांत आपण संच घोकत होतो, त्याच दोन वर्षांत तिकडे ते गुंडाळायची भाषा चालली होती.

आणि गंमत अशी की ज्या मनोवृत्तीसाठी हा सगळा खटाटोप होता, ती बाळगणारा एक शाळामास्तर आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या देवळालीत, १९३० ते १९६२ मुलांना शिकवत होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण ठाणे आणि पुण्याचे फर्ग्युसन. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. हा माणूस स्वतःच क्रिया ठरवायचा आणि संख्यांवर चालवून बघायचा. त्यांची एक क्रिया अशी : चार अंकी संख्या घ्या, ज्यातले चारही अंक सारखे नाहीत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. आपल्या दहावीचे वर्ष घेऊ :

९७५१ − १५७९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर क्रिया करा, पुन्हा ६१७४ च येते. तुमचे जन्मवर्ष घ्या, नातवाचे घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले. आणखी एक क्रिया : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ मध्ये ११ मिळवले की ५८, त्यात १३ मिळवले की ७१, त्यात ८ मिळवले की ७९. म्हणजे ४७ हा ५८ चा जनक. पण २० ला जनकच नाही, कुठल्याही संख्येपासून ही क्रिया करून २० मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटले. गावाबाहेरच्या देवळातल्या स्वयंभू पिंडीसारखा हा शब्द, म्हणून चटकन रुजतो. आयुष्यभर अनेक विद्वानांनी त्यांच्या कामाला पोरखेळ समजून बाजूला सारले. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर नाव झाले. तो अंक मार्च १९७५ चा. म्हणजे आपण ज्या महिन्यात नागपूर मंडळाचा गणिताचा पेपर देत होतो, त्याच महिन्यात. आपल्या पुस्तकात त्यांचे नाव नव्हते. मला ते पुढे शिक्षक झाल्यावर कळले. हे एक उदाहरण आपल्याला आठवीत मिळाले असते, तर बाकी सगळा धडा वगळला असता तरी चालले असते असे मला वाटते.

आता त्या मित्राकडे येतो. आपल्या मोहाडी-आंधळगावच्या अनेक घरांसारखा त्याच्याही घरी कोशाचा माग होता. दहावीला त्याचे बाकी विषय निघाले, गणित राहिले. दोनदा बसला, मग मागावर बसला, मग कापडाचे दुकान काढले. काही वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्याच्या दुकानात गेलो होतो. बाहेर पाटी होती, वीस टक्के सूट. एका जुन्या गिऱ्हाइकाने आणखी दहा टक्के मागितले. तो हो म्हणाला. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणाले, "म्हणजे तीस टक्के झाले." हा म्हणाला, "तीस कसे? अठ्ठावीस." कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही.

मी त्याला विचारले, कसे काढलेस? तो म्हणाला, वीस आणि दहा तीस, त्यातून वीस गुणिले दहाचा शंभरावा हिस्सा, दोन, काढून टाकायचे. दहा आणि दहा म्हणजे एकोणीस. पन्नास आणि पन्नास म्हणजे पंचाहत्तर, नाहीतर माल फुकट द्यावा लागला असता. मी काउंटरवरच्या बिलबुकावर लिहिले :

अ * ब = अ + ब − (अ × ब ÷ १००)

आणि सांगितले, हा तुझा तारा आहे. तू जन्मभर हेच करतो आहेस. आधी वीस मग दहा, की आधी दहा मग वीस, सारखेच का? "सारखेच." ही क्रमनिरपेक्षता. तीन सुटी एकापाठोपाठ दिल्या तर कुठल्या दोन आधी जोडायच्या? "कुठल्याही." हे साहचर्य. कोणती सूट दिली तर काहीच फरक पडत नाही? "शून्य टक्के, आनखी कोनती?" हा अविकारक घटक. परीक्षेतले सहा गुण त्याने उभ्या उभ्या घेतले. मग बिलबुकाकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "मंग तवा असं काहून नाही सांगितलं बे कोनी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या सरांना दोष देणे मला जमणार नाही, कारण त्यांनी बांधी आणि चिखलणीपर्यंत गोष्ट आणली होती. त्यापुढे अभ्यासक्रम संपवायची घाई होती आणि खालून परीक्षा येत होती. पण एवढे खरे की आपल्या वर्गातून गणितामुळे जे गळाले, ते सगळे गणित न येणारे नव्हते. त्यांतली काही माणसे आज या स्मरणिकेच्या वर्गणीचा हिशोब आपल्यापेक्षा चोख ठेवतात.

पुढे मी स्वतः शिकवू लागलो तेव्हा या प्रकारचे प्रश्न सगळीकडे भेटत राहिले. शिष्यवृत्ती परीक्षेत, राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेत, नंतर बँकांच्या आणि लोकसेवा आयोगाच्या पेपरांत. आता एक वेगळा अवतारही आहे : '+' म्हणजे गुणिले, '−' म्हणजे भागिले, '×' म्हणजे उणे, '÷' म्हणजे अधिक, तर ८ + ६ − ३ × ५ ÷ २ किती? आधी चिन्हे बदलून पूर्ण ओळ नव्याने लिहा : ८ × ६ ÷ ३ − ५ + २, म्हणजे १३. जी मुले ओळ नव्याने न लिहिता डोक्यात चिन्हे बदलत जातात, ती इथे हमखास अडकतात, कारण हात जुन्या सवयीने अधिकला अधिकच करतो. मी विद्यार्थ्यांना एकच शिस्त लावली. व्याख्येतल्या अ आणि ब च्या जागी आधी रिकामे कंस लिहायचे, २( ) + ३( ), मग कंसांत आकडे भरायचे, आणि मगच हिशोब. ऋण संख्या आली की या कंसांची किंमत कळते : ४ * (−५) म्हणजे २(४) + ३(−५), म्हणजे ८ − १५, उत्तर −७. कंस न लिहिणारा इथे २३ लिहून मोकळा होतो.

बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून अशा क्रियांचा भाग अलीकडच्या काटछाटीत गेला. ओझे कमी केले म्हणतात. मला त्याचे वाईट वाटले, पण फार नाही. धडा गेला तरी प्रश्न परीक्षांतून जाणार नाही, आणि सूट देणारी दुकाने तर नाहीतच.

मेळाव्याच्या दिवशी जुन्या वर्गात फळा उपलब्ध करून देण्याची विनंती मी समितीला केली आहे. त्यावर १ ते १० आकडे लिहिलेले असतील. येता-जाता कुणीही कोणतेही दोन आकडे पुसायचे, आणि त्या दोघांच्या जागी त्यांची बेरीज अधिक त्यांचा गुणाकार, हा एकच आकडा लिहायचा. २ आणि ३ पुसले तर ५ + ६ = ११ लिहायचे. नऊ जणांनी हे केले की फळ्यावर एकच आकडा उरेल. कोणी कोणते आकडे कोणत्या क्रमाने पुसले याने काही फरक पडणार नाही, तो आकडा ३,९९,१६,७९९ च असेल. का, ते जेवणाआधी सांगणाऱ्याला माझ्याकडून एक कोशाचा दुपट्टा, आणि तो वर सांगितलेल्या दुकानातून, दोन्ही सुटी लावून घेतलेला.